पाच कर्जे, तीस महिने: नाशिकमधल्या एका कुटुंबाचे प्रकरण

(कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. सर्व आकडे रुपयांत.)

पार्श्वभूमी

नवरा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ११ वर्षे मशीनवर काम करतो. पीएफ कापून हातात ३४,५०० येतात. बायको घरी शिवणकाम करते. लग्नसराईत ब्लाउज, जूनमध्ये शाळेचे गणवेश आणि एरवी फॉल-पिको मिळून तिची महिन्याची सरासरी ६,००० धरता येते. घरात दोन मुले आणि नवऱ्याची आई आहे. घर भाड्याचे.

२०२१ मध्ये वडिलांचे आजारपण झाले. त्या वर्षी ऑक्टोबरात ३ लाखांचे पर्सनल लोन घेतले: व्याज १६ टक्के, ४८ हप्ते, हप्ता ८,५०२. तेवढे भागले नाही म्हणून पुढे एकेक कर्ज चढत गेले. एप्रिल २०२३ अखेर स्थिती अशी होती:

- पर्सनल लोन: १८ हप्ते भरून बाकी २,०९,१००
- क्रेडिट कार्ड: बाकी ९६,०००, व्याज महिना साडेतीन टक्के
- ओळखीतल्या एकाकडून व्याजाने घेतलेले ५०,०००, महिना पाच टक्के
- पतसंस्थेत दोन तोळ्यांच्या गंठणावर ४५,०००, वर्षाला १२ टक्के
- फ्रिजचे हप्ते: २,३०० चे ८ बाकी, म्हणजे १८,४००

एकूण ४,१८,५००. दरमहा जाणारी रक्कम १८,५५२.

अडचण नेमकी कुठे होती

कर्ज फार झाले, असे घरचे म्हणत होते. आकडे मांडल्यावर दुखणे वेगळेच निघाले. उत्पन्न ४०,५००, हप्ते १८,५५२, घरखर्च २६,०००. दरमहा सुमारे ४,००० ची तूट पडत होती आणि ती कार्डावरच्या किराण्याने भरून निघत होती.

कार्डाचे गणित जवळून पाहू. ९६,००० वर साडेतीन टक्क्यांनी ३,३६० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ६०५, मिळून ३,९६५. नवरा दरमहा ‘मिनिमम ड्यू’ (महिन्याला भरावीच लागणारी किमान रक्कम) म्हणून ४,८०० भरत होता, म्हणजे मुद्दल जेमतेम ८३५ ने उतरत होते. वर त्याच महिन्यात ४,००० चा नवा किराणा. शिवाय मागची बाकी पूर्ण फेडलेली नसली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, तेलाच्या डब्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते. दर महिन्याला इमानदारीने पैसे भरूनही बाकी तीनेक हजारांनी वाढत होती ती यामुळे.

दुसरी बारीक गोष्ट तारखेची. पगार ७ तारखेला, पर्सनल लोनचा हप्ता ५ ला. मार्चमध्ये खात्यात पैसे नव्हते आणि हप्ता परत गेला. खात्याच्या बँकेने ५९० कापले, कर्ज देणाऱ्या कंपनीने तेवढेच लावले. शिवाय वसुलीवाल्याने रात्री नऊला फोन केला आणि तो आईने उचलला. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घरात तो कोणालाच माहीत नव्हता. त्या एका फोनने घर घाबरले, आणि पुढच्या आठवड्यात जे पर्याय आले ते या घाबरलेल्या अवस्थेत आले.

समोर आलेले पर्याय

*सगळे मिळून एकच कर्ज.* मोबाइल ॲपवर दहा मिनिटांत ४,२५,००० मंजूर झाले होते. व्याज २४ टक्के, मुदत पाच वर्षे, हप्ता १२,२२६. आत्ताच्या १८,५५२ पेक्षा महिन्याला सहा हजार कमी! नवऱ्याला हे पटले होते. पण ६० हप्त्यांची बेरीज ७,३३,५६० होते. ३ टक्के प्रोसेसिंग फी आणि जीएसटी मिळून १५,०४५ आधीच कापले जाणार. जुने पर्सनल लोन मुदतीआधी बंद करायला ४ टक्के आणि जीएसटी, म्हणजे आणखी ९,८७०. हप्ता लहान झाला तो मुदत लांबवल्यामुळे. उलट १६ आणि १२ टक्क्यांची कर्जेसुद्धा २४ टक्क्यांवर जाणार होती.

*कार्डाचे सेटलमेंट.* एका मध्यस्थाचा सल्ला असा: सहा महिने काहीच भरू नका, मग ९६ चे ४० हजारांत मिटवून देतो. बुडीत निघालेल्या माणसाला हा मार्ग कधी कधी घ्यावाच लागतो. इथे तशी वेळ नव्हती. ९० दिवस थकले की खाते एनपीए (बुडीत खात्याच्या वाटेवरचे, थकीत) होते, पुढे सिबिल अहवालात (कर्जफेडीच्या नोंदीत) ‘सेटल्ड’ असा शेरा वर्षानुवर्षे राहतो आणि घरकर्जाच्या वेळी तोच आडवा येतो.

*गंठण मोडणे.* तेव्हा सोने तोळ्याला ६० हजारांच्या आसपास होते. पतसंस्थेचे ४५,००० वजा जाता पन्नास हजारांहून जास्त हातात आले असते आणि त्यात व्याजाचे ५०,००० फिटले असते. आकड्यांच्या हिशेबाने हा पर्याय चांगला होता. बायकोने मोडता घातला: “अहो, लोन काय, परत मिळतं. गंठण गेलं की गेलं.”

*पीएफ.* आजारपण, लग्न, घर अशा ठरलेल्या कारणांसाठीच रक्कम काढता येत होती. खाजगी देणे फेडणे हे त्यात बसत नव्हते.

*कंपनीतली पगारदार नोकरांची पतसंस्था.* व्याज ११ टक्के, हप्ता पगारातून कापला जाणार, दोन जामीनदार हवेत. अडचण एकच. ११ वर्षे नोकरी करूनही नवरा सभासद नव्हता आणि पोटनियमाप्रमाणे सभासद झाल्यावर सहा महिन्यांनीच कर्ज मिळत होते. स्वस्त पैसा ऑक्टोबरात, महाग पैसा आज. या प्रकरणातला पहिला खरा निर्णय हा होता. एप्रिलमध्येच १,००० चे शेअर आणि महिना ५०० वर्गणी भरून त्याने सभासदत्व घेतले आणि ॲप फोनमधून काढून टाकले.

पहिले सहा महिने: काहीच न दिसण्याचा काळ

हिशेबाची वही बायकोकडे आली. शंभर पानी, रेघांची. डाव्या पानावर कर्जे, उजव्यावर खर्च. चार जागी कात्री लागली. मोटरसायकलऐवजी कंपनीची बस (१,४००), आईच्या रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून (१,२००), रिचार्ज आणि डिश (७००), बाहेरचे खाणे (१,२००). एकूण ४,५००. त्यातून पतसंस्थेची वर्गणी वजा केली की खर्च २२,००० वर आला. मुलीची शिकवणी ठेवली. तीही बंद करायची टूम निघाली होती. पण अशी कात्री फार घट्ट बसली की तिसऱ्या महिन्यात सगळेच नियोजन सुटते, हे अनेक घरांत दिसते.

कार्ड कपाटात गेले. त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे बँकेच्या ॲपमध्ये जाऊन त्यावरचे ऑनलाइन आणि टॅपचे व्यवहार बंद केले आणि खरेदीच्या ॲपांतून साठवलेला नंबर काढला. लग्नसराईच्या जादा शिलाईतून साडेआठ हजार वेगळे काढून हप्त्याच्या खात्यात कायमचे ठेवले. ५ आणि ७ तारखेचा घोळ तिथे संपला.

आता उत्पन्नातून हप्ते आणि खर्च वजा केले की उरत होते उणे ५२ रुपये, म्हणजे शून्यच. नवी उधारी थांबली, पण कर्ज उतरताना दिसेना. कार्डाची बाकी मे अखेर ९५,१६५, जून अखेर ९४,२९५. दोन महिने पोटाला चिमटा घेऊन १,७०० रुपये! बहुतेक नियोजने इथेच मोडतात आणि माणूस पुन्हा त्या दहा मिनिटांच्या कर्जाकडे वळतो. या घरात टिकाव लागला त्याला एक साधे कारण होते. वहीत ‘कार्ड उतरले किती’ याच्या शेजारी ‘कार्ड चढले असते किती’ असाही रकाना होता. जूनमध्ये शाळेची वह्या-पुस्तके, फी आली, ती गणवेशांच्या शिलाईतून निघाली.

जुलैत बारा जणींची भिशी लागली. २,००० प्रमाणे २४,००० आले. दुसरा निर्णय हा. सगळे कार्डावर भरले असते तर महिन्याला ९९१ व्याज वाचले असते. त्यांनी ९,००० कार्डावर भरले आणि १५,००० वेगळ्या खात्यात ठेवले. बचत खात्याच्या तीन-चार टक्क्यांसाठी कार्डाचे जवळपास ५० टक्के सोडणे हा कागदावर वेडेपणा आहे. ऑगस्टमध्ये आईला डेंग्यू झाला, पाच दिवस दवाखाना, १३,२००. ते पैसे नसते तर कार्ड पुन्हा कपाटाबाहेर आले असते.

भिशी संपल्यामुळे दरमहा २,००० मोकळे झाले. ऑगस्टमध्ये ते कार्डावर गेले, पुढचे तीन महिने राखीव खात्यात. बाकी उतरली तशी ‘मिनिमम ड्यू’ही उतरली, पण ४,८०० चा आकडा त्यांनी खाली येऊ दिला नाही. ऑक्टोबर अखेर कार्डावर ७८,११० उरले.

नोव्हेंबर २०२३: कर्ज बदलण्याचा महिना

कंपनीतली पतसंस्था दोन लाख द्यायला तयार होती. त्यांनी १,३५,००० घेतले. ५ टक्के म्हणजे ६,७५० शेअरपोटी कापले गेले, हातात १,२८,२५०. व्याजाचे ५०,००० आणि कार्डाचे ७८,११० मिळून १,२८,११०. आकडा असा मुद्दाम जुळवला होता. जादा ६५,००० दिवाळीच्या तोंडावर हातात आले असते तर त्यांना पाय फुटले असते. नवा हप्ता ४,४२०, मुदत ३६ महिने.

खाजगी देणे फेडताना एक प्रसंग घडला, तो या व्यवहारातला नेहमीचा धोका दाखवतो. पैसे देणाऱ्याकडे सही केलेले दोन कोरे चेक आणि शंभराच्या स्टँपपेपरवर लिहून दिलेला कागद होता. “चेक गावच्या कपाटात आहेत, पैसे ठेवून जा, मग देतो पाठवून,” असे तो म्हणाला. नवरा पैसे ठेवायला निघाला होता. बायकोने थांबवले. नऊ दिवसांनी चेक आणि कागद समोर टेबलावर आले, तेव्हा तिथेच बसून बँकेतून पैसे वळते केले आणि ‘पूर्ण रक्कम पोचली’ असे लिहून घेतले. रोखीने दिले असते तर पुरावा राहिला नसता. चेक मिळालेच नसते, तर बँकेत त्या नंबरांचे पेमेंट थांबवण्याची लेखी सूचना देऊन ठेवणे हा पुढचा उपाय होता.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. परवानाधारकालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ५०,००० वर तो आकडा महिन्याला ७५० होतो, इथे २,५०० जात होते. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. घरच्यांनी केली नाही, कारण माणूस एकाच गल्लीतला. हा निर्णय समजण्यासारखा आहे, पण त्याची काय किंमत पडली ते पुढे येईल.

पुढचे वीस-बावीस महिने

फ्रिज फिटला. जानेवारीपासून हप्ते १३,३७२ वर आले, खर्च २०,०००, आणि दरमहा सुमारे ७,१०० उरू लागले. दिवाळीच्या बोनसचे २८,००० आले होते, त्यातले १९,००० राखीव खात्यात गेले.

आता आधी काय फेडायचे? १६ टक्क्यांचे पर्सनल लोन १२ टक्क्यांच्या सोनेतारणापेक्षा महाग, म्हणून आधी ते, असे कोणीही सांगेल. पण त्या कर्जात थोडे थोडे मुद्दल भरायची सोय नव्हती. कंपनीतल्या पतसंस्थेतून ११ टक्क्यांचे टॉप-अप (चालू कर्जावर वाढीव कर्ज) घेऊन ते बंद करावे, असे नवऱ्याच्या मित्राचे म्हणणे होते. तो हिशेबही मांडला. डिसेंबर अखेर बाकी १,६१,१८५, उरलेल्या २२ हप्त्यांतले व्याज २५,८५९. तेवढ्याच मुदतीत ११ टक्क्यांनी १७,५३५. वाचतात ८,३२४. मुदतीआधी बंद करण्याचा आकार जीएसटीसह ७,६०८. म्हणजे फायदा सातशे रुपयांचा, आणि टॉप-अपवर शेअरपोटी पुन्हा ५ टक्के अडकणार. ते कर्ज तसेच चालू ठेवले.

उरलेले पैसे सोन्यावर गेले. गंठण ठेवलेली पतसंस्था हवी तेवढी रक्कम भरून घेत होती आणि व्याज लगेच कमी होत होते. जून २०२४ मध्ये गंठण सोडवले. पुढे सोन्याचा भाव वाढत गेला, एप्रिल २०२५ मध्ये त्याने तोळ्याला लाखाला हात लावला. ‘मोडले नाही हे शहाणपण’ असे आता घरात म्हटले जाते. ते नशीब होते. भाव उतरला असता तर हाच निर्णय हट्ट ठरला असता.

जुलै २०२४ पासून साडेसात हजारांतले ३,००० मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी आरडीत आणि बाकी राखीव खात्यात जाऊ लागले. त्यातूनच बायकोसाठी ओव्हरलॉक मशीन आणि नवऱ्यासाठी जुनी मोटरसायकल आली, दोन्ही रोखीने.

एक नाजूक प्रश्न जामीनकीचा. ज्या दोघांनी नवऱ्याच्या कर्जाला सह्या केल्या, त्यांनी उलट सही मागणे ओघानेच आले. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. थकले तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निघणारा वसुली दाखला त्याच्याही नावावर येतो आणि पगारातून कपात होऊ शकते. त्याने एकाच्या एक लाखाच्या कर्जाला सही केली, दुसऱ्याच्या तीन लाखांच्या कर्जाला नाही म्हटले. तो मित्र काही महिने बोलत नव्हता.

निष्पत्ती

ऑक्टोबर २०२५ मध्ये पर्सनल लोनचा ४८ वा हप्ता गेला. तीस महिन्यांत ४,१८,५०० चे देणे पतसंस्थेच्या सुमारे ५४,००० वर आले. राखीव खात्यात ५२,०००, आरडीत ४८,०००. सिबिल अहवालातला गुण ६४८ वरून ७५२ वर गेला.

ॲपवाले एकत्रित कर्ज घेतले असते, तर याच दिवशी ३० हप्ते भरून २,७३,८०० बाकी असते. तुलना पूर्ण न्याय्य नाही, कारण तिथे हप्ता लहान होता आणि फरकाचे पैसे हातात राहिले असते. पण ज्या घरात तूट किराण्यावर जात होती, तिथे तो फरक साठला असता असे मानायला आधार नाही.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी चूक म्हणजे व्याजाच्या ५०,००० वर धीर धरणे. नोव्हेंबरपर्यंत २१ महिने २,५०० प्रमाणे ५२,५०० व्याज गेले, मुद्दलापेक्षा जास्त. ११ टक्क्यांच्या कर्जासाठी सहा महिने थांबणे योग्य होते. ६० टक्क्यांच्या कर्जाला तेच सहा महिने देणे परवडणारे नव्हते. गंठण न मोडताही मार्ग होता: तेव्हा किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत सोनेतारण मिळत होते, त्यामुळे आणखी ३५,००० सहज उचलता आले असते. पाच टक्क्यांचे देणे एक टक्क्यावर आले असते आणि महिन्याला १,४०० वाचले असते. ‘सोन्यावर अजून कर्ज नको’ म्हणून हा विषय घरात निघालाच नाही.

दुसरी गोष्ट कोणी बँकेला विचारलीच नाही: कार्डाच्या बाकीचे हप्ते करून मिळतील का? बँका बऱ्याचदा असे करून देतात. १८ टक्क्यांनी २४ महिन्यांचा हप्ता ४,७९३ बसला असता, शिवाय व्याजावरचा जीएसटी, पहिल्या महिन्यात २५९. म्हणजे ते जी ‘मिनिमम ड्यू’ भरतच होते जवळपास तेवढाच पैसा, आणि दोन वर्षांत कार्ड शून्य. मे ते ऑक्टोबर त्यांनी कार्डाला जीएसटीसह २१,९१० व्याज दिले. हप्ते करून घेतले असते तर ते नऊ-साडेनऊ हजार झाले असते.

तिसरी गोष्ट, पतसंस्थेचे सभासदत्व नोकरी लागली तेव्हाच घ्यायला हवे होते. २०२१ च्या ऑक्टोबरात दवाखान्याचे बिल भरताना ११ टक्क्यांचा दरवाजा कंपनीच्या कँटीनशेजारीच होता.

एक निर्णय अजून लोंबकळतो आहे. उरलेले ५४,००० आताच भरून टाकावेत असे नवऱ्याच्या मनात आहे, मुदतीआधी भरल्यास पतसंस्था आकार घेत नाही. बायकोचे म्हणणे, जून २०२६ चा अकरावीचा प्रवेश होऊन जाऊ दे, तोवर राखीव खात्याला हात नको. १३ हप्त्यांतले उरलेले व्याज साडेतीन हजारांच्या आसपास आहे. वहीत सध्या बायकोचा आकडा लिहिलेला आहे, पेन्सिलीने.